कौसाबाईंची खाण्याची वही

चिखलोली मागे पडली आणि पुढे कंपन्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या, तिथे रस्त्याच्या कडेला एक मोरी आहे. तिच्या कठड्यावर कौसाबाई बसल्या. "जरा बसते" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. चालता चालता बसल्याच. पायात चप्पल नव्हती, सोमवारी त्या अनवाणीच चालायच्या. मांडीवर स्टीलचा डबा होता, वर फडकं बांधलेलं. डब्यात चुरमा होता.

"किती झालं गं?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्याच्या वर आलोय."

"रस्ता न्हाई. सोमवार."

"आजचा अकरावा."

"म्हंजी पाच राह्यले." त्यांनी पायाचा तळवा वर करून बघितला, एक खडा काढून टाकला. "अकरा झाले की. पाच काय, असंच जातील."

"मी रिक्षा थांबवते."

"थांबव. तू बसून जा फुडं, देवाला सांग, कौसा मागनं येतीय म्हणून."

२००६ सालचा ऑक्टोबर होता. बदलापूरच्या शिरगावातून आम्ही सकाळी सातला निघालो होतो आणि अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं होतं. सात-आठ किलोमीटर भरेल. श्रावणात पहिल्या सोमवारी आम्ही दोन तासात पोचलो होतो, माझ्यापेक्षा त्याच पुढे होत्या. आज तिसरा तास चालू होता आणि अजून मोरिवली यायची होती. ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि कुठल्या तरी कंपनीचा आंबूस वास घशात बसत होता.

कौसाबाईंचं वजन तेव्हा चौतीस किलो होतं. बाई उंचीला माझ्याएवढी. सव्वा वर्ष झालं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पोटाचे डॉक्टर एकेक पदार्थ बंद करून, एकेक चालू करून त्यातला कुठला सोसत नाही ते शोधत होते. सापडला तर बाई जगेल, नाही सापडला तर पुढचा पावसाळा कठीण आहे, असं त्यांनी कौसाबाईंच्या नवऱ्याला, सुदामदादांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं. रोज काय खाल्लं आणि काय झालं याची एक वही होती. ती वही मी लिहायचे.

म्हणून हे सगळं मलाच सांगायला हवं.

मी शिरगावात अंगणवाडी चालवते. कौसाबाईंची ओळख झाली ती त्यांच्या मुलीमुळे. मनाली तीन वर्षांची असताना माझ्याकडे यायची. महिन्याला मुलांची वजनं घेऊन कार्डावर टिंब मारायचं असतं. मनालीचं टिंब कधी वर सरकलंच नाही. मी कौसाबाईंना चारचौघींत बोलले होते, "पोरीला घरी काही खायला घालता की नुसतं माझ्या खाऊवर ठेवलंय?" दुसऱ्या दिवशी येताना डब्यात चपाती-भाजी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसून पोरीला सगळी चपाती भरवली. जाताना म्हणाल्या, "बाई, आता लिवा तुमच्या कार्डावर." तेव्हापासून आमचं जमलं.

त्या माण तालुक्यातल्या. लग्न होऊन अठराव्या वर्षी बदलापूरला आल्या. सुदामदादा अंबरनाथला एका कंपनीत वॉचमन. गावाकडे सगळा ज्वारी-बाजरीचा कारभार. गहू म्हणजे सणाला. त्या स्वतःच हसत सांगायच्या, होळीला पुरणपोळी खाल्ली की दुसऱ्या दिवशी आपलं पोट बिघडलेलं असायचं आणि सासू म्हणायची, हावरटासारखी खाती, म्हणून. बदलापूरला आल्यावर भाकरी सुटली. रेशनला गहू, आजूबाजूला सगळ्यांच्या घरी चपाती, आणि पुढे तर चपाती हाच धंदा झाला.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये चार सिंधी घरी त्या चपात्या करायला जात. सकाळी सात ते दुपारी एक, दीडशे तरी व्हायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. कणीक मळताना बोलायच्या नाहीत. मळून झाली की बोट खुपसायच्या, खड्डा किती वेळात भरून येतो ते बघायच्या आणि मग पाटावर हात सुटायचा. एक तव्यावर, एक आचेवर, एक लाटण्याखाली. नजर कुठेच नाही. तिथल्या लाजवंती भाभी मला म्हणाल्या, "देखो ना, कौसा फुलके में हवा भी नाप के भरती है." कौसाबाई लाजल्या. घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "ह्या दोन हातांवर मनाली दहावीला गेली. दादांचा पगार घराला जातो. तिची फी चपातीची."

दुखणं सुरू झालं ते पुराच्या वर्षी, २००५ला. बदलापुरात पाणी शिरलं, नंतर घराघरात जुलाब चालू होते. आमचे थांबले, कौसाबाईंचे थांबलेच नाहीत. पोट फुगायचं, तोंड आतून सोलल्यासारखं, केस पुंजक्याने हातात यायचे. इथल्या एका डॉक्टरांनी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. लघवी केशरी झाली, बाकी काही झालं नाही. टीबीचं कळल्यावर चारपैकी तीन घरांनी "आराम करो बाई" म्हणून सुट्टी दिली. लाजवंती भाभींनी तसं केलं नाही. त्यांनीच पुढच्या जुलैत कौसाबाईंना पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर चांगले होते, हे मी आजही म्हणते. टीबी नाही म्हणाले. दुर्बिणीने आत बघायचं ठरलं, पण नळी घशात गेली आणि कौसाबाईंनी ती दोन्ही हातांनी उपसून बाहेर काढली. परत नको म्हणून पाय धरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आपण खाण्यावरून शोधू. त्यांनी एक कागद दिला. तीन आठवडे फक्त तांदूळ, मुगाची डाळ, दुधी, तेल आणि मीठ. गहू बंद, दूध बंद, शेंगदाणे, हरभरा, वांगं, अंडी, मासे, सगळं बंद. तीन आठवड्यांनी पोट शांत झालं की दर चार दिवसांनी एक पदार्थ चालू करायचा. ज्याने बिघडेल तो चोर.

"लिहून ठेवायचं," माझ्याकडे बघून म्हणाले, कारण कागद माझ्या हातात होता. "पाण्याशिवाय जे तोंडात जाईल ते सगळं."

"सगळं लिहीन," मी म्हटलं. मला वाटलं, हे तर माझंच काम. पंधरा वर्षं रजिस्टरं भरतेय.

दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर वर मधोमध श्री काढला. खाली रकाने आखले: वार, सकाळ, दुपार, रात्र, त्रास. शनिवारी स्टेशनवरच्या काट्यावर वजन करायचं आणि ते जाड कार्ड वहीत चिकटवायचं. कार्डाच्या मागे भविष्य छापलेलं असायचं. पहिल्या कार्डावर अडतीस किलो, आणि मागे, 'आपको शीघ्र ही शुभ समाचार मिलेगा.'

"वजन खोटं असंल," कौसाबाई म्हणाल्या, "पण भविष्य खरं असंल."

त्याच आठवड्यात श्रावण लागला. सोळा सोमवारांचं मीच सुचवलं. कुणाला कशाला दोष देऊ. मी स्वतः लग्नाआधी केले होते, मला गुण आला होता असं मी मानते. कौसाबाई आजाराने इतक्या खचल्या होत्या की त्यांना धरायला काहीतरी पाहिजे होतं. रीत मी सांगितली. दिवसभर उपास, मीठ नाही, दुसरं काही नाही. पाव किलो कणीक तुपात भाजून गूळ घालून चुरमा करायचा. त्याचे तीन वाटे. एक देवळात वाटायचा, एक गाईला, एक आपण खायचा. तो वाटा टाकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, उद्यासाठी ठेवायचा नाही. अनवाणी चालत जाणं हे त्यांनी त्यांच्या मनाने वाढवलं.

पहिल्या सोमवारी देवळाबाहेर, झाडाखाली आम्ही बसलो होतो. दोन वाटे देऊन झाले होते. कौसाबाईंनी तिसरा हातावर घेतला, थांबल्या आणि म्हणाल्या, "शीला, हे चालंल का गं? ह्यात कणीक हाय."

मी म्हटलं, "अहो, प्रसाद आहे तो. प्रसादाने कुणाचं वाईट झालंय का?"

त्यांनी कपाळाला लावला आणि खाल्ला.

संध्याकाळी घरी येऊन मी वही उघडली. वार, सोमवार. सकाळ, दुपार, रात्र या तिन्ही रकान्यांवरून एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'उपवास'.

मला लपवायचं नव्हतं. मनात सुद्धा आलं नाही. आमच्याकडे उपासाच्या दिवशी प्रसाद घेतला म्हणून कुणी उपास मोडला म्हणत नाही. देवळात हातावर पडतं ते जेवणात धरायचंच नसतं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी प्रसाद लिहायला विसरले असते तर निदान चूक लक्षात आली असती. मी विसरले नाही. तो लिहायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

ते तीन आठवडे कौसाबाईंनी ज्या निष्ठेने काढले तसे कुणी काढणार नाही. मूग-भात, दुधी, परत मूग-भात. कॅम्पात भाभींच्या घरी चाळीस-पन्नास चपात्या करायच्या आणि एक तुकडा तोंडात टाकायच्या नाहीत. भाभी म्हणायच्या, "अरे, एक तो खा ले, कौन देखता है?" ह्या म्हणायच्या, "भाभी, शीला देखती है." मनाली घरी चिडवायची, "आई, तुझ्या ढेकरालासुद्धा दुधीचा वास येतो."

त्रास कमी व्हायला हवा होता. झाला नाही. म्हणजे असं की शनिवार-रविवारी बाई जरा बरी दिसायची, आणि मंगळवार-बुधवारी परत तेच. अंथरुणात पोट आवळून पडायच्या. हे मला दिसलं होतं. वहीत मंगळवारचा रकाना भरून वाहायचा, शाई समासात जायची. मी डॉक्टरांना सांगितलंसुद्धा, "सोमवारी यांचं चालणं फार होतं, उपास असतो, त्यामुळे मंगळवारी त्रास होतो."

"चालणं बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"ते न्हाई व्हायचं," कौसाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पानं उलटली. प्रत्येक पान बघितलं, बोट फिरवून. मग म्हणाले, "तीन आठवडे गहू पूर्ण बंद. काही फरक नाही. मला सगळ्यात जास्त संशय गव्हाचाच होता. पण गहू नाही."

दवाखान्यातून बाहेर आल्यावर कौसाबाई रस्त्यातच थांबल्या. कोर्टातून घरचं माणूस सुटून यावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "म्या म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर लेकीला शिकवलं ते मला खाईल व्हय?" त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरी चपात्या केल्या. आमच्याकडे चार पाठवल्या, तूप लावून. मी पण आनंदाने खाल्ल्या.

आता डॉक्टरांना शंका मुगाची आणि तांदळाची आली, कारण तेवढंच तर पोटात जात होतं. दुसऱ्या फेरीला मूग बंद, तांदूळ बंद. चपाती आणि उकडलेला बटाटा चालू.

मला हे लिहिताना हात थांबवावा लागतो. सहा आठवडे त्या बाईने चपाती आणि बटाटा खाल्ला. रोज. औषधासारखा. नको झालं तरी पाण्याबरोबर ढकलायच्या. मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायचे, "किती चपात्या?" आणि त्यांनी "दोन" म्हटलं की मी म्हणायचे, "डॉक्टरांनी तीन सांगितल्यात." मग त्या तिसरी खायच्या. अडतीसचे सदतीस झाले, मग छत्तीस, मग चौतीस. कार्डामागची भविष्यं मी वाचून दाखवणं बंद केलं.

तर त्या अकराव्या सोमवारी मोरीवरून त्या उठल्या. माझा हात धरला नाही, कठड्याला धरून उठल्या. मोरिवलीपासून पुढे दर विजेच्या खांबाला थांबत गेल्या. बोलणं बंद केलं होतं. एकदाच म्हणाल्या, "मनालीच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत तरी."

देवळात पिंडीपर्यंत पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. उतरल्या. चढताना मी आणि एका अनोळखी बाईने त्यांना अक्षरशः उचलून आणलं. बाहेर त्याच झाडाखाली बसवलं. मी म्हटलं, "आज राहू दे प्रसाद, नुसता कपाळाला लावा."

"टाकायचा नसतो, तूच म्हणलीस," त्या म्हणाल्या आणि खाल्ला.

अर्धा तासही झाला नाही. सगळं उलटून पडलं, मग डोळे फिरवले. रिक्षात घालून उल्हासनगरला एका हॉस्पिटलात नेलं. सलाईन लागलं. दुपारी राउंडला एक तरुण डॉक्टरीणबाई आली, लातूरकडची, बोलण्यावरून कळत होतं. मी वही तिच्या हातात दिली, मी ती बरोबर घेऊनच फिरायचे.

तिने उभ्या उभ्या चाळली. "किती छान लिहिलंय. असं कुणी लिहीत नाही ताई." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती एका पानावर थांबली. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं.

"सोमवारी उपवास. उपवासाला काय खातात? साबुदाणा?"

"नाही हो, काही नाही. कडक असतो. फक्त प्रसाद."

"कसला प्रसाद?"

मी बोलायच्या आत खाटेवरून, डोळे मिटलेल्या कौसाबाई बोलल्या, "चुरमा. कणकेचा."

डॉक्टरीणबाईने वही मिटली नाही. बोटाने मंगळवारचे रकाने मोजले, मी बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, प्रसाद पोटातच जातो ना?"

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काही लोकांना गहू अजिबात चालत नाही, जन्मभर चालत नाही, चिमूटभरही आठवडाभर आतडं सोलून काढतो, हे तिने मला कागदावर आकृती काढून समजावलं. सुदामदादा शेजारी उभे होते. तिने रक्त मुंबईला पाठवलं, दुर्बीण या वेळी भूल देऊन केली. सगळं तेच निघालं. गहूच होता. पहिल्यांदा ज्याच्यावर संशय होता तो, आणि ज्याला वहीने सोडवलं तो.

सुदामदादा शांत माणूस. फक्त त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाहेर चहा घेताना म्हणाले, "बाई, तुम्ही तरी शिकलेल्या होता." आणि लगेच म्हणाले, "तुम्ही नसता तर वहीच नसती." दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी दोन्ही घेऊन जगते.

गहू घरातून गेला. पीठ, रवा, मैदा, शेवया, सगळं डबे धुऊन बाहेर. लाजवंती भाभींनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून तांदळाच्या रोट्या करून पाठवल्या, जाड, कडेला फाटलेल्या. कौसाबाई म्हणाल्या, "भाभींना म्हणावं, कौसा बरी झाली की शिकवंल." पंधरा दिवसात पोटातला फुगार उतरला. दिवाळीला त्या उठून ओट्यावर बसल्या, ज्वारीची भाकरी थापली, वीस वर्षांनी. शनिवारी काट्यावर छत्तीस किलो. आम्ही चौघं स्टेशनवर त्या यंत्रासमोर हसत उभे होतो, लोक बघत होते.

मग ताप यायला लागला. रोज संध्याकाळी. पोटात एका जागी दुखायचं, हात लावू द्यायच्या नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईच्या हॉस्पिटलने सांगितलं, लहान आतड्यात गाठ आहे, पसरली आहे. हा आजार वर्षानुवर्षं ओळखला नाही तर कधी कधी असं होतं.

मी उल्हासनगरला जाऊन लातूरकडच्या त्या डॉक्टरीणबाईला भेटले. विचारलं, "ऑगस्टमध्ये कळलं असतं तर?"

"सांगता येत नाही ताई. गाठ तेव्हाही असेल. नसेलही." मग म्हणाली, "हे रक्तातून मुलांकडे येतं. त्यांच्या मुलीचं रक्त तपासून घ्या."

मला मनालीचं ते कार्ड आठवलं, वर न सरकलेलं टिंब. माझ्यासमोर बसून आईने भरवलेली ती सगळी चपाती.

चाळीत बायका बोलायला लागल्या होत्या. पाच सोमवार राहिले, व्रत अर्धवट पडलं, म्हणून गाठ झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण नळावर बोलणं चालायचं आणि मनालीच्या कानावर जायचंच. मी अजूनही सोमवारी देवळात जाते. देवावर माझा राग नाही. चुरमा खाल्लाच पाहिजे हे मी सांगितलं होतं, त्याने नाही.

डिसेंबरात त्यांना घरी आणलं. खिडकीला लागून खाट टाकली होती. एका सोमवारी दुपारी अंगणवाडी सोडून मी गेले. सुदामदादा ड्युटीवर होते. मनाली आतल्या खोलीत होती आणि परातीचा आवाज येत होता.

"काय करतेय ती?" मी विचारलं.

"कणीक भाजून झाली, आता मळतीय वाटतं गुळाबरुबर." कौसाबाईंचा आवाज कागदासारखा झाला होता. थोडा वेळ कान देऊन ऐकलं. "तूप कमी पडलंय तिचं. आवाज कोरडा येतोय."

मला कळायला क्षण लागला. "चुरमा?"

"माझे पाच सोमवार ती करणार म्हणती. आजपास्नं. चालत जाणार हाय अंबरनाथला."

मी उठले. "मी सांगते तिला. रक्त तपासल्याशिवाय गव्हाचा कण…"

"बस." त्यांनी माझ्या साडीचा काठ धरला. जोर नव्हता, पण मी बसले. "म्या सांगितलं. तांदळाच्या पिठाचा कर म्हणलं. म्हणती, तसा चालत न्हाई, नेम हाय. रक्ताला परीक्षा झाल्यावर जाईन म्हणती. तिला काय व्हत न्हाई म्हणती."

"तिच्या चेहऱ्याला रंग आहे का बघा तुम्ही. मी थांबवते तिला, मीच हे सुरू केलंय."

"न्हाई थांबवायचं." त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. "आता अडवली आन मी गेले, तर जन्मभर म्हणंल, माझे सोमवार झाले न्हाईत म्हणून आई गेली. ते ओझं नको तिच्या डोक्यावर. एका ओझ्याची दोन कशाला."

आत परात खाली ठेवल्याचा आवाज झाला. नळ सुरू झाला, हात धुतल्यासारखा. बाहेर शेजारच्या घरात कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं.

"वही हाय का तुझ्यापाशी?" कौसाबाई म्हणाल्या.

माझ्या पिशवीत होती. मी काढून त्यांच्या पोटावर ठेवली, मग लक्षात आलं आणि उशीशेजारी ठेवली. त्यांनी पानांच्या जाडीवर अंगठा फिरवला, कोरी किती राहिलीत ते बघायला.

"निम्मी बी भरली न्हाई," त्या म्हणाल्या. "ही आता मनालीची कर. ती काय लिवायची न्हाई, तू लिव. रोज जा तिच्याकडं, माझ्याकडं यायचीस तशी. मंगळवारी काय व्हतंय ते बघ. आन तिला दाखव, मोठ्यानं वाचून दाखव, म्हंजी तिची तिलाच कळंल." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "पण शीला, सोमवारच्या पानावर उपवास म्हणून रेघ ओढू नको. तिनं काय खाल्लं ते लिव."